उन्हाळी काढू नको

अक्का, तू गेल्यावर घरात पहिला वाद झाला तो भुईमुगावरून. दागिन्यांवरून होईल असं मी धरून चालले होते, चार घरी तसंच पाहिलंय. पण तुझ्या पाटल्या कपाटात पडून राहिल्या आणि सगळे बोलत होते ते शेंगांबद्दल. पाला पिवळा पडलेला, शेंगा आतून भरलेल्या, रोज दुपारी ढग येऊन उभे राहायचे, आणि तुझा विलास ओट्यावर हाताची घडी घालून बसलेला. वळवाची एक चांगली सर पडली की पिकलेल्या शेंगांना जमिनीतच मोड फुटतात, हे त्याला मी सांगायला नको. तरी तो हलत नव्हता. कारण तू दवाखान्यात सांगून गेली होतीस, "उन्हाळी काढू नका."

उन्हाळी म्हणजे उन्हाळी भुईमूग. पिंपळनेरच्या शिवारात त्या दिवसांत दुसरं उन्हाळी होतंच काय?

"मायनं शेवटलं बोलनं शे ते, मावशी," विलास म्हणाला. "मी कसा काढू?"

"अरे, पण शेंगा वाया जातील."

"जाऊ द्या. तिनं काही मनात धरीसनच सांगितलं व्हई."

तू जिवंत असताना तुझं एक न ऐकणारा मुलगा तू गेल्यावर इतका आज्ञाधारक झाला, हे बघायला तू हवी होतीस. तुझी करमणूक झाली असती.

मी जळगावहून निघाले तेव्हा तू होतीस. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा नव्हतीस. तुझ्या सुनेचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी रिक्षावाल्याला दवाखाना कुठे आहे ते समजावत होते. समजावून पूर्ण केलं आणि मग रिक्षात बसले. त्यामुळे तुझं शेवटचं बोलणं मला थेट मिळालं नाही, तिच्याकडून मिळालं, आणि तिचंही ते माझ्याआधी दोघांना देऊन झालं होतं.

पहिली नर्स. तू ग्लानीत "उन्हाळी, उन्हाळी" म्हणायला लागलीस तेव्हा मनीषाला वाटलं, तुला लघवीला जळजळ होतेय. आपण त्यालाही उन्हाळी लागली म्हणतो, तिची काय चूक? ती धावत नर्सकडे गेली. नर्सने तपासणी सांगितली आणि मनीषाने कुठून तरी धने-जिऱ्याचं पाणी मागवून तुला चमच्याने पाजलं. तू ते निमूट प्यालीस म्हणे. हे तिने मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि मला हसू फुटलं. दुखवट्याला माणसं बाहेर बसलेली. मी पदर तोंडात धरला, मग तीही हसली, आणि मग आम्ही दोघी रडलो. माझं खरं रडणं तेवढंच झालं. बाकी वेळ मी चहा किती टाकायचा ते बघत होते.

पाणी पिऊन झाल्यावर तुला जरा हुशारी आली आणि तू पूर्ण वाक्य बोललीस. ते वाक्य मनीषाने विलासला सांगितलं. विलासने भुईमूग थांबवला.

तुझ्याशी बोलताना मला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची गरज नाही, पण मलाच ती एकदा नीट लावून बघायची आहे. नानांना आपण दोघीच. भावकीने नंतर काही म्हणू नये म्हणून नानांनी डोळ्यांदेखत शेताचे दोन भाग केले, नदीकडचा तुला, रस्त्याकडचा मला, आणि मध्ये बांध घातला. बांध म्हणजे केवढा, बैलजोडी सहज वळेल एवढा रुंद. लोक बांध कोरून कोरून सुतळीएवढा करतात, आणि आपल्या बापाने दोन्ही लेकींच्या वाट्यातून काढून बांधाला दिलं. तुला शेजारीच, पिंपळनेरला दिलं, तू शेती केलीस. मी जळगावला कारकुनी केली. माझा भाग आधी भाऊजी आणि मग विलास निम्म्याने करत आला.

नाना गेल्यावर मी तुला म्हटलं, अक्का, आता हा बांध काढून टाकू. दोन्ही भाग तुम्हीच करता, ट्रॅक्टर सरळ जाईल, आणि बहिणी-बहिणींत बांध कशाला? मला वाटलं होतं तू विरघळशील. तू म्हणालीस, "बांधले हात लावू नको. तठे मनी उन्हाळी शे."

त्या दिवसापासून आपलं जे सुरू झालं ते परवापर्यंत सुरू होतं.

बांधावरच्या त्या झुडपाला उन्हाळी म्हणायचे नाना. गुडघ्याएवढं, बारीक पानांचं, जांभळ्या-गुलाबी फुलांचं, चपट्या शेंगांचं. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, वर्षानुवर्षं त्याच मुळावर फुटतं. आपल्या लहानपणी पोट दुखलं की नाना त्याची मुळी धुऊन चघळायला द्यायचे, आणि ती इतकी कडू असायची की पोट दुखायचं थांबलं असं आपण खोटंच सांगायचो. वैशाखात सगळं शिवार खरपूस झालेलं असताना हे हिरवं राहतं म्हणून ते नाव. आता ते नाव कुणी घेत नाही. विलास त्याला तण म्हणतो. तूसुद्धा घरात पोरांसमोर 'नानांचं झाड' म्हणायचीस, कारण उन्हाळी म्हटलं की घरात भुईमूग, बाजरी आणि पाण्याच्या पाळ्या सुरू व्हायच्या. उन्हाळी हा शब्द झाडासाठी फक्त आपल्या दोघींत उरला होता. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात येण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

तुझं म्हणणं सरळ होतं. तुझ्या वाट्यात तू कांद्याचं बी धरायचीस. माघात डोंगळे फुलायचे, हिरव्या दांड्यांवर पांढरे गोंडे, आणि त्या गोंड्यांवर माशी बसली तर बी, नाहीतर नुसतं फोलपट. पलीकडच्या शेतातला माणूस एका वर्षी मलमलीचं फडकं हाताला गुंडाळून गोंड्यागोंड्यावरून फिरवत होता, माशीचं काम स्वतः करत होता, ते तू मला मुद्दाम नेऊन दाखवलंस. तो बिचारा लाजला. मग तू मला आपल्या बांधावर आणलंस. डोंगळे फुलायच्या आधी माशीने काय खायचं आणि कुठे राहायचं, हा तुझा प्रश्न. पाऊस संपल्यापासून थंडीपर्यंत बांधावर उन्हाळी फुललेली असते, फुलोरी माशीचं पोळं तिच्याच काड्यांत लोंबतं, आणि बांधाची माती कुणी नांगरत नाही म्हणून एकट्या राहणाऱ्या माशा तिथे भोकं पाडून पिल्लं वाढवतात. बांध गेला की माशी गेली. "मंग तू येशी का जळगावथून फडकं लिसन?" असं तू मला विचारलंस.

मी म्हटलं, हे सगळं निमित्त आहे. तुला बांध हवाय.

"माले बांध हवा शे. तेच तर सांगी राहिनू."

तुला माझा रोख कळला नाही, की कळून तू वेड पांघरलंस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच सकाळी तू मला बांधावर बसवलंस आणि झाडूची एक काडी हातात दिलीस. उन्हाळीच्या फुलाला खालच्या बाजूला दोन पाकळ्या असतात, एकमेकींना चिकटून छोटी नाव केल्यासारख्या. "दाब," तू म्हणालीस. मी काडीने नाव हलकेच दाबली. ती खाली गेली आणि आतून पिवळ्या टोकांचे केसर वर आले, काडीला टेकले. काडी उचलली, नाव पुन्हा वर, केसर आत. माशी बसली की तिच्या वजनाने हेच होतं आणि परागकण तिच्या पोटाला लागतात. मी पुन्हा दाबलं. मग दुसरं फूल दाबलं. तू म्हणालीस, "बस व्हयनं, आते माशीले बी ठेव." मी तेव्हा चाळिशीची होते, अक्का, आणि बांधावर बसून फुलं दाबत होते. ऑफिसात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

तू सगळंच बरोबर सांगायचीस असं मात्र मी लिहिणार नाही. माणूस गेलं की त्याच्या चुका पुसून टाकायची रीत आहे, ती मला पटत नाही. तुरीच्या पानांच्या कडांचे कुणीतरी नखाएवढे गोल गोल तुकडे काढून नेत होतं, आणि तू वर्षभर विलासच्या बकरीला शिव्या घातल्यास. मी म्हटलं, बकरी कंपास घेऊन खाते का? तू ऐकेनास. शेवटी मी एका सकाळी मोबाइलवर काढून तुला दाखवलं: काळसर माशी पानावर बसते, गोल फिरत कातरते, आणि ती चकती पायांत धरून बांधातल्या भोकात शिरते. तू तीनदा बघितलंस. बकरीची माफी मागितली नाहीस. पण माझ्याकडे बघून म्हणालीस, "देख, बांधमाच गयी ना?" म्हणजे हरलीस तरी जिंकलीस.

आणि त्या निळ्या फुलपाखरांचं. नखाएवढी निळी फुलपाखरं उन्हाळीच्या कळ्यांवर अंडी घालतात, त्यांच्या हिरव्या अळ्या कळ्या पोखरतात, आणि अळीभोवती मुंग्या फिरतात. तुला वाटायचं मुंग्या अळीला खातात. मी म्हटलं, खाणार असत्या तर इतका वेळ लावला नसता. मग आपण दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. मुंग्यांनी अळीला खाल्लं नाही, नुसती थोपटल्यासारखी करत राहिल्या, आणि तुझा पाय आखडला तेव्हा मी तुला हात देऊन उठवलं. तुझा हात धरल्याची ती माझी शेवटची आठवण आहे. त्यानंतरही आपण भेटलो, पण हात धरायचं काही कारण पडलं नाही.

आपल्या एका वादाचा तर निकालच लागला नाही. ज्या वर्षी तुझं बी गच्च भरलं, त्या वर्षी तीन शेतं सोडून एकाने डाळिंबासाठी मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या. तू म्हणालीस माझ्या बांधाच्या माशा, मी म्हटलं त्याच्या पेटीतल्या माशा. फोनवरसुद्धा आपण यावर भांडलो. मला अजूनही वाटतं निम्म्या तरी पेटीतल्या होत्या. आता तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही.

तर भुईमूग थांबला होता, आणि इकडे विलासने माझ्यासाठी एक गोष्ट ठरवली होती. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. जरा भरून आलेला होता.

"मावशी, इतला वरीस तुम्ही मायले सांगत राहिन्यात, बांध काढ. तिनं काही ऐकं नही. आते मी काढी देस. दहावं व्हयनं का जेसीबी येवाव शे. दोन्ही वावर एक व्हई जातीन. तुमनी इच्छा राहायला नको."

मी काय म्हणावं असं तुला वाटतं? मी म्हटलं, "बरं."

हीच माझी मागणी होती. नाना गेल्यापासून दर दिवाळीला, दर अक्षयतृतीयेला, आपल्या आखाजीला, जेवण होऊन हात वाळायच्या आत मी हेच म्हणत आले होते. आता ती कुणी न भांडता ताटात वाढून दिली, आणि मला जेवण गेलं नाही. मी उठले आणि शेताकडे चालत गेले.

विलासने बांधाच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची फक्की मारून ठेवली होती, जेसीबीवाल्याला कळावं म्हणून. तुझ्या बाजूला भुईमूग पिवळा, माझ्या बाजूला वाळकं वावर, बाभळीसुद्धा धुळीने पांढऱ्या, आणि मधोमध चुन्याच्या दोन रेघांमध्ये ती हिरवी. शेंगा तडकून वाळलेल्या, पण शेंड्यांना चार-दोन फुलं होतीच. एक माशी आली, बसली, नाव खाली गेली. मी आपली उभी होते. आणि तुझा आवाज आला असं मी म्हणणार नाही, तसलं मला काही होत नाही. मला फक्त शब्द आठवला. उन्हाळी.

मला गप्प बसता आलं असतं, अक्का. त्या शब्दाचा हा अर्थ जाणणारी मी एकटी उरले होते, आणि मी बोलले नसते तर उद्या बांध गेला असता, सगळ्यांच्या संमतीने, तुझ्या मुलाच्या हाताने, माझ्या इच्छेखातर. तुझ्या मागणीवर माझी मागणी, आणि मध्ये बोलायला कुणी नाही. हा विचार मी केला. पूर्ण केला. मग घरी आले.

मनीषा भांडी लावत होती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी अक्का काय म्हणाली, जसंच्या तसं सांग. तुझ्या शब्दांत नको."

ती थांबली. डोळे मिटून आठवायला लागली. "त्या म्हणाल्या, 'छबूले सांग.'"

"छबूले?"

"हो. 'छबूले सांग, उन्हाळी काढू नको.' मला वाटलं, निम्मा वाटा तुमचा आहे म्हणून तुमचं नाव घेतलं असेल."

"नको म्हणाली, की नका?"

"नको म्हणाल्या होत्या," मनीषा म्हणाली. "मी विलासना सांगताना नका केलं. सगळ्यांना सांगायचं होतं ना, म्हणून."

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन फळीवर लावलं. माझ्यासाठी तू एवढं एकच वाक्य वाचवून ठेवलं होतंस, आणि ते ज्याचं त्याला पोचायच्या आधी नर्सला गेलं, धने-जिऱ्यात गेलं, भुईमुगात गेलं. शुद्ध जेमतेम होती तेव्हा तू मुलाला काही सांगितलं नाहीस, सुनेला काही सांगितलं नाहीस. माझ्याशी भांडत होतीस. मला फार वाईट वाटलं, अक्का, आणि खरं सांगते, त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

विलासला मी ओट्यावरच सांगितलं. उन्हाळी म्हणजे नानांचं झाड. भुईमूग उद्याच उपटायला घे. जेसीबीवाल्याला नाही म्हणून कळव.

त्याने विचारलं, "मंग बांध?"

"बांध राहील."

"पण तुम्हीच ते म्हणत व्हतात ना?"

"म्हणत होते."

"आते नही म्हणत?"

मी म्हटलं, "आता कुणाला म्हणू?" त्याला ते समजलं की नाही माहीत नाही. त्याने फोन लावला आणि जेसीबीवाल्याशी बोलायला अंगणात गेला.

दहावं आटोपलं त्या दुपारीच बायका लावून त्याने भुईमूग उपटायला घेतला. थोड्या शेंगांना मोड आले होते, बाकी चांगल्या निघाल्या. मनीषाला मी बांधावर नेलं. तिच्या हातात काडी दिली आणि म्हटलं, दाब. तिने दाबलं, केसर वर आले, आणि ती दचकून मागे झाली. मग पुन्हा दाबलं. मी तिला माशीलाही ठेवायला सांगितलं. चुन्याच्या रेघा अजून तशाच होत्या, पावसाने जातील.

बांध तू मला वेगळं ठेवायला राखला नव्हतास, हे मला कळायला इतका वेळ लागला असं मी म्हणणार नाही. मला ते मधल्या काळात केव्हातरी कळलं होतं. तरी मी भांडत राहिले, कारण भांडण असलं की पिंपळनेरला यायला कारण असायचं. साक्रीच्या बसमध्ये मी मुद्दे जमवत यायचे. बांध नसता तर मी इतक्या वेळा आले असते का, ते मला सांगता येत नाही. हे तुला एकदा सांगायचं होतं. राहिलं.

आणखी एक गोष्ट. मी शहरातली, नोकरी केलेली, म्हणून तुझ्या घरात विलास मला तुम्ही म्हणतो, मनीषा तुम्ही म्हणते, भावकीतली म्हातारी माणसंही तुम्ही म्हणतात. सगळ्यांचं माझ्याशी 'नका' आहे. नानांनंतर मला 'नको' म्हणणारी तू एकटी होतीस. हे मला परतीची पिशवी भरताना कळलं. तू एका अक्षराने मला ओळखीचा निरोप दिला होतास आणि तो सगळ्यांच्या तोंडून फिरून माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यातलं तेच अक्षर बदललेलं होतं.

मी निघाले तेव्हा मनीषा पाया पडली. पिशवीत तिने शेंगा भरल्या होत्या, आणि वर कागदाच्या पुडीत उन्हाळीच्या वाळक्या शेंगा, जळगावच्या गॅलरीत लावायला. तिचे डोळे भरले होते. माझा हात धरून ती म्हणाली, "मावशी, एवढ्यात जाऊ नका."